मैदानाचे कुलूप

आमच्या घराच्या ओसरीत एक सायकल उभी आहे. तिला एकच चाक आहे आणि तेही जमिनीला टेकत नाही. कितीही पायडल मारले तरी माणूस ओसरी ओलांडीत नाही. २०२२ साली डॉक्टरांनी माझ्या रक्तातील साखर मर्यादेबाहेर गेल्याचे सांगितले, तेव्हा नागपुरास नोकरीत असलेल्या चिरंजीवांनी दिवाळीला येताना ती आणली. ‘बाबा, फिरायला जायला वेळ मिळत नाही, ही सबब आता चालायची नाही,’ असे बजावून तो परत गेला. पहिले आठ दिवस मी मोठ्या निष्ठेने घाम गाळला. मोहल्ल्यातील पोरे फाटकाशी उभी राहून हा चमत्कार पाहत असत. पुढे शाळेची तपासणी आली, मतदारयाद्यांचे काम आले, भाच्याचे लग्न आले. आणि मार्गशीर्ष लागेपर्यंत सायकलीच्या दांडीवर टॉवेल व बैठकीवर उशांचे अभ्रे वाळू लागले. सौभाग्यवती एके दिवशी वाळलेले कपडे उचलता उचलता सहज म्हणाल्या, ‘अहो, कपडे वाळवायची इतकी महाग दोरी सगळ्या लोधीखेड्यात कुणाकडे नसेल!’

तो टोमणा मी हसून पचवला. परंतु पुढे थोड्याच दिवसांत दुसरा एक टोमणा ऐकावा लागला आणि तो मात्र अद्याप पचलेला नाही. त्याचीच ही हकिकत.

१८ डिसेंबर २०२२ चा रविवार. कतारमधील लुसैल येथे विश्वचषक फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना होता. आपल्याकडे ती रात्री साडेआठची वेळ. आमच्या बैठकीतील दूरदर्शन संच मोठा, म्हणून मोहल्ल्यातील बारा-पंधरा मुले सतरंजीवर दाटीवाटीने येऊन बसली. त्यांतील निम्म्यांच्या अंगात निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे दहा क्रमांकाचे सदरे. सौसरच्या बाजारातून आणलेले ते सदरे पहिल्याच धुण्यात रंग सोडणारे असतील. पण त्या रात्री त्यांच्या दृष्टीने त्यांचे मोल पैठणीहून अधिक होते. अर्जेंटिनाने मध्यंतरापूर्वीच दोन गोल केले. सामना हातातून गेला असे वाटत असता फ्रान्सच्या एम्बापेने दोन मिनिटांच्या आत दोन गोल करून बरोबरी साधली. जादा वेळेतही तीन-तीन असा तिढा पडला आणि अखेर पेनल्टीच्या फटक्यांत अर्जेंटिना चार-दोन अशी विजयी झाली. पोरांनी घर डोक्यावर घेतले. खाटेवर लोडाला टेकून बसलेला मी चिवड्याची ताटली बाजूला सारून टाळ्या पिटीत होतो. छाती अशी धडधडत होती की जणू तीन तास मीच धावत होतो. आणि उठू गेलो तो पायांना मुंग्या आलेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थना झाल्यावर मी मुलांना सामन्याची गोष्ट सांगितली. सांघिक वृत्ती, जिद्द, अखेरच्या क्षणापर्यंत धीर न सोडणे, असे आम्हां शिक्षकांच्या जिभेवर सदैव तयार असलेले बोध त्यातून काढले. आणि मग विचारले, ‘तुमच्यापैकी फुटबॉल खेळतात किती जण?’ एकही हात वर झाला नाही. ‘अरे, रात्र रात्र सामने पाहता, खेळाडूंची नावे तोंडपाठ, मग खेळत का नाही?’ रांगेच्या टोकाचा सातवीतला एक मुलगा खाली पाहत म्हणाला, ‘बडे सर, मैदानाले तं कुलूप हाय नं. तुमीच लावलं.’

खरेच होते. त्याच्या आठ वर्षांपूर्वी, मी या शाळेत प्रधानपाठक म्हणून आलो त्याच वर्षी, एका चेंडूने कार्यालयाच्या खिडकीचे तावदान फुटले होते. शिवाय संध्याकाळी मैदानात गुरे शिरत. रात्री काही टवाळ मंडळी बाटल्या टाकून जात. मी लोखंडी फाटक बसवून घेतले आणि शाळा सुटताच त्याला कुलूप घालण्याचा नियम केला. तपासणीला आलेल्या साहेबांनी शाळेच्या शिस्तीची वाखाणणीही केली होती. ती मला लक्षात राहिली. फाटकाबाहेर उभी राहून परत गेलेली मुले मात्र राहिली नाहीत. गेली कित्येक वर्षे पालकसभेत ‘आजची मुले मोबाइलात डोके घालून बसतात, मैदानावर येत नाहीत’ असे मी तळमळीने सांगत आलो होतो आणि मैदानाची किल्ली माझ्याच टेबलाच्या खणात होती!

संत्र्याचा चेंडू

त्या दिवशी मला माझे स्वतःचे सोळावे वर्ष आठवले. १९८६ च्या जून महिन्यात सुटीसाठी मी नागपुरास मामांकडे होतो. मेक्सिकोतील विश्वचषक स्पर्धा दूरदर्शनवर दाखवीत. २९ जूनला रात्री साडेअकराला अंतिम सामना सुरू झाला. वाड्यातील एकुलत्या एका संचापुढे तीस-चाळीस माणसे होती. बुटक्या, भरल्या अंगाच्या मॅराडोनाने तीन जणांच्या घोळक्यातून चेंडू पुढे सरकवला आणि बुरुचागाने तो जाळ्यात पोहोचवला; पश्चिम जर्मनी तीन-दोन अशी हरली. फुटबॉलचा एकही नियम मला धड ठाऊक नव्हता. पण दुसऱ्या दिवशी छोट्या रेल्वेने सावनेरमार्गे लोधीखेड्यास परतताना डोळ्यांपुढे तोच एक फटका होता.

घरी पोहोचल्यावर मी सोबत्यांना गोळा केले. गावात चेंडू नव्हता. मात्र संत्र्यांच्या बागांत पावसाळ्याच्या आरंभी गळालेल्या हिरव्या, कडक फळांचा सडा पडलेला असे. तेच आमचे फुटबॉल. दहा-बारा लाथा खाऊन फळ फुटे; लगेच दुसरे आणीत असू. अंगाला आंबूस वास येई आणि घरी बोलणी बसत. पुढे मोठेपणी वाचनात आले की, ब्राझीलच्या बौरू गावात लहानगा पेले कागद कोंबून दोरीने आवळलेल्या पायमोज्याने, नाही तर पपनसासारख्या फळाने खेळत असे. तेव्हा मनाला मोठी गंमत वाटली. आमच्यातून कोणी पेले निघाला नाही, हे उघडच आहे. पण त्या पावसाळ्यात आम्ही रोज दिवे लागेपर्यंत धावलो. कारण त्या रात्री मी पाहिले होते, आणि पाहिलेले करून बघायला मोकळी जागा होती.

म्हणून पडद्यावर सरसकट ठपका ठेवण्यास मन धजत नाही. मला मैदानाकडे पडद्यानेच तर ओढले होते.

दोन तीर आणि मधली नदी

पाहणे म्हणजे काहीच न करणे, हा समजही पुरता खरा नाही. २००६ साली विश्वचषक स्पर्धा जर्मनीत भरली असता म्युनिक परिसरातील डॉक्टरांनी हृदयरुग्णांच्या नोंदी ठेवल्या. जर्मन संघाचा सामना असलेल्या दिवशी हृदयविकाराच्या तातडीच्या घटना एरवीच्या अडीच पटींहूनही अधिक झाल्या, असे त्यांनी २००८ साली प्रसिद्ध केले. म्हणजे प्रेक्षकाच्या देहातही झुंज पेटते. फक्त तिला वाट मिळत नाही. नाडी पळते आणि पाय स्वस्थ असतात. मांड्या-पोटऱ्यांचे मोठे स्नायू चालू लागले की रक्तातील साखर ओढून घेतात, हे माझ्या डॉक्टरांनी मला चित्र काढून समजावले होते. चिवडा खात टाळ्या पिटणाऱ्याला तो लाभ कोठून व्हावा?

पक्ष घेऊन उभे राहण्याची हौस आम्हां या भागातील लोकांना कोणी शिकवावी लागत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यास जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून गोटमार चालते. एका तीरावर पांढुर्णा, दुसऱ्या तीरावर सावरगाव. या प्रथेने अनेकांचे डोळे घेतले, अनेकांचे प्राणही घेतले. तिचे समर्थन मी शिक्षक म्हणून करू शकत नाही. परंतु ‘आमचा तीर’ या दोन शब्दांत केवढी शक्ती साठलेली असते, ते तिथे दिसते. ती शक्ती दगडात उतरवायची की चेंडूत, एवढाच खरा प्रश्न.

कोल्हापूरने याचे एक उत्तर शोधले आहे. आपण ज्याला आखाडा म्हणतो त्याला तिकडे तालीम म्हणतात. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने ते शहर कुस्तीचे माहेरघर झाले; पेठेपेठेत तालमी वाढल्या. पुढे त्याच तालमींनी फुटबॉलला पोटाशी घेतले. आजही तेथील नामांकित संघांची नावे ऐका: पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ. लाल मातीत शड्डू ठोकणाऱ्या संस्था हिरवळीवर उतरल्या, पण पाटी तालमीचीच राहिली. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठा ओस पडतात. विश्वचषकाच्या दिवसांत तर सारे शहर ब्राझील व अर्जेंटिना असे दुभंगते आणि चौकाचौकांत परदेशी खेळाडूंचे भलेमोठे फलक लागतात. समर्थकांची हुल्लड तेथेही होते. सगळेच गोड आहे असे नाही. परंतु एक भेद ध्यानात घेण्यासारखा आहे. तिथे रात्री मेस्सीसाठी घसा कोरडा करणारा मुलगा दुसऱ्या दिवशी आपल्या तालमीच्या मैदानावर पायाने चेंडू ओढीत असतो. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतात भरली, तेव्हा भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. पडदा आणि मैदान यांच्यामध्ये तिथे कुलूप नाही.

एकट्याचा व्यायाम

तालमीवरून पुन्हा माझ्या सायकलीकडे येतो. घरच्या घरी व्यायाम ही काही कारखानदारांनी काढलेली नवी टूम नव्हे. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला तो याच विचाराने की, त्यास साधन लागत नाही, पैसा लागत नाही, अंगभर जागा मिळाली की पुरे. स्त्रियांनीही नमस्कार घालावेत असा त्यांचा आग्रह होता. त्यांनी आपल्या संस्थानातील शाळांतून नमस्कार सुरू केले आणि १९३८ साली ही पद्धती इंग्रजी पुस्तकरूपाने विलायतेतील वाचकांपुढेही गेली. आमच्या मध्यप्रदेशात दर वर्षी १२ जानेवारीस, विवेकानंद जयंतीला, शाळांतून सामूहिक सूर्यनमस्कार होतात. मल्लखांब तर २०१३ पासून या राज्याचा राज्यक्रीडाप्रकार आहे. वारसा असा तोलामोलाचा असता आमच्या ओसरीतील सायकल का थांबली?

पुष्कळ विचाराअंती मला उमगले ते असे. राजेसाहेब एकट्याने नमस्कार घालून थांबले नाहीत, त्यांनी साऱ्या शाळांना सोबत घेतले. अमरावतीला १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापिले, त्याचे मंडळ होते म्हणूनच १९३६ साली तेथील चमू बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगी आपले देशी खेळ दाखवून आला. आखाड्यात जाणारा मुलगा आरोग्याचे शास्त्र वाचून जात नसे. सोबती जातात म्हणून जाई, आणि न गेल्यास संध्याकाळी कोणीतरी दाराशी हाक मारी. माझ्या सायकलीला हाक मारता येत नाही. तिच्या काचेवर आकडे उमटतात. पण मी आठ दिवस बसलो नाही तर ती रुसत नाही. सोबतीवाचून टिकेल असा निग्रह थोरांच्या ठायी असतो. आम्ही सामान्य माणसे, आम्हांला सोबत हवी आणि उघडे दार हवे.

याची साक्ष आमच्याजवळच, नागपुरात आहे. हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांना २००१ साली झोपडपट्टीतील मुले भर पावसात फुटकी बादली पायाने उडवताना दिसली. ती मुले कोण, कशी, हे न पुसता त्यांनी त्यांना चेंडू दिला आणि त्यातून ‘स्लम सॉकर’चे काम उभे राहिले. पुढे त्या मुलांतील काही जण परदेशी स्पर्धांपर्यंत पोहोचले. २०२२ च्या मार्चमध्ये नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ हा चित्रपट याच कामावरून आला. आमच्या राज्यातही शहडोल जिल्ह्यातील विचारपूर नावाच्या आदिवासी गावाने असेच नवल केले. एके काळी दारूसाठी बदनाम असलेल्या त्या गावात रईस अहमद या प्रशिक्षकाने मुलामुलींना फुटबॉल शिकवला. घरोघर खेळाडू निपजले आणि लोक गावाला ‘मिनी ब्राझील’ म्हणू लागले. २०२३ साली ‘मन की बात’मध्ये खुद्द पंतप्रधानांनी त्याचा उल्लेख केला. या दोन्ही ठिकाणी आरंभी काय होते? एक चेंडू, आणि ‘या, खेळा’ असे म्हणणारे एक वडीलधारे माणूस.

किल्ली

जानेवारीत मी किल्ली खणातून काढून भृत्याच्या हाती दिली. साडेचारपासून सहापर्यंत मैदान उघडे राहील, असे जाहीर केले. साहित्याचे कपाट उघडले तर आणखी एक लाजिरवाणी गोष्ट निघाली. समग्र शिक्षा योजनेतून आठवीपर्यंतच्या शाळेला क्रीडासाहित्यासाठी वर्षाला दहा हजार रुपयांपर्यंत मिळतात. त्यातून घेतलेले चार फुटबॉल कागदी वेष्टनासह जसेच्या तसे होते; हरवू नयेत म्हणून मीच जपून ठेवलेले. नोंदवहीत त्यांची संख्या मात्र बिनचूक होती.

मुलांनी दोन दिवसांत खडे वेचले, बांबूंचे गोल रोवले. तिसऱ्या दिवशी आठवीतल्या चार मुली कार्यालयाच्या दाराशी आल्या. ‘सर, आमी काऊन नाई?’ माझ्यापाशी उत्तर नव्हते. मंगळवार व शुक्रवार मुलींचे ठरले. त्या दोन दिवशी मुले कडेला उभी राहून नको ते सल्ले देत असतात.

तीन आठवडे सुरळीत गेले आणि नको ते घडले. ज्याने मला कुलपाची आठवण दिली होती तोच मुलगा घसरून पडला. मनगटाचे हाड मोडले. त्याला घेऊन इस्पितळात बसलो असता त्याचे वडील शेतातून तसेच आले. चिखलाचे पाय, डोळे लाल. ‘गुरुजी, पोराले शिकाले धाडलं का हातपाय मोडाले?’ मी मान खाली घालून ऐकून घेतले. संत्र्याच्या तोडीवर मजुरीला जाणाऱ्या माणसाचा दिवस बुडाला होता आणि मुलाचा हात गळ्यात होता; त्यांचे चूक तरी काय? त्या रात्री किल्ली पुन्हा खणात ठेवावी असे मनात आले. काही झाले तर जबाबदार कोण, हा प्रश्न आमच्या खात्यात प्रत्येकाला पाठ असतो. झोप येईना तेव्हा सौभाग्यवतींना बोलून दाखवले. त्या म्हणाल्या, ‘आपला मुलगा झाडावरून पडला होता, तेव्हा तुम्ही झाड तोडलं होतं का?’

मैदान उघडेच ठेवले. फक्त सहा वाजेपर्यंत तेथे मी स्वतः उभा राहू लागलो आणि कोपऱ्यातील निसरडी घळ मुरूम टाकून बुजवून घेतली. दीड महिन्याने एका संध्याकाळी तो मुलगा प्लास्टर काढून आला. मागे त्याचे वडीलही होते. माझ्याशी ते काही बोलले नाहीत. कुंपणाला टेकून बराच वेळ पाहत राहिले. निघताना आपल्या मुलाला म्हणाले, ‘उजव्या बाजूनं पय, तिकडं जागा हाय.’

त्यानंतर पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, शाळेत नवी मुले आली, जुनी गेली. आमच्या मैदानातून अजून कोणी राज्याच्या संघात गेलेले नाही, आणि जाईलच असे मी म्हणत नाही. मुलांचे मोबाइलही सुटलेले नाहीत. फरक इतकाच की, रात्री पाहिलेला फटका दुसऱ्या दिवशी मैदानावर मारून बघितला जातो आणि बहुधा फसतो. मुलांनी दिवसाला किमान साठ मिनिटे अंगमेहनतीची हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे. आमची मुले नव्वद मिनिटे धावतात आणि घड्याळ पाहत नाहीत. कडेकडेने फेऱ्या घालता घालता त्यांच्या गुरुजींची साखरही डॉक्टरांच्या वहीत पुष्कळ खाली आली आहे. ओसरीतील सायकलीवर कपडे मात्र अद्याप वाळतात.

वाचकहो, ‘आमच्या वेळी मुले खेळत असत’ हे वाक्य आपणां प्रौढांना फार आवडते. ते खोटे नाही. पण यापुढे ते उच्चारण्यापूर्वी आपल्या टेबलाचा खण एकदा उघडून पाहावा, अशी माझी नम्र सूचना आहे. कोणाच्या खणात शाळेच्या मैदानाची किल्ली असेल, कोणाच्या खणात वाड्याच्या अंगणाची, कोणाच्या खणात केवळ एका ‘जा, खेळून ये’ची. माझी मला सापडली तेव्हा तिला आठ वर्षांचा गंज चढला होता. ती कुलपात फिरवायला भृत्याला गोडे तेल घालावे लागले.